मान वळलेला बैल

पांढरकवड्याच्या जुन्या बाजारात लोहारांची दुकाने जेथे संपतात, तेथे अब्दुल गनी मिस्त्रींचे पत्र्याचे छप्पर आहे. त्या छपराखाली गेली चाळीसांवर वर्षे सागवानाचे बैल घडत आले. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या भागात तान्हा पोळा भरतो. खऱ्या बैलांचा सण आदल्या दिवशी झालेला असतो. हा दिवस लेकरांचा. चाकांवरचे लाकडी बैल झूल आणि बेगड लावून सजवावेत, दोरीने ओढीत मैदानावर न्यावेत, आणि मग घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागावा, असा तो सोहळा. या एका दिवसासाठी गनी मिस्त्री वर्षभर लाकूड निवडीत असत. दारे-खिडक्यांची कामे पोटासाठी. बैल मात्र, त्यांच्याच शब्दांत सांगावयाचे तर, हाताच्या इमानासाठी.

त्यांच्या बैलाची एक खूण होती. इतर कारागिरांचे बैल नाकासमोर पाहत. गनी मिस्त्रींचा बैल मान किंचित डावीकडे वळवून पाही. त्यांनी बैलावर कधी नाव कोरले नाही. पण मान पाहिली की केळापूरपासून मुकुटबनपर्यंतचा कोणीही जाणता मनुष्य म्हणे, "हा गनीचा."

ही मान कशी वळली, ते मिस्त्रींनी पत्नीवाचून कोणास सांगितले नव्हते. त्यांचा जन्म फुलसावंगीचा. तेथे वडील बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, चाके करीत. एकोणिसाव्या वर्षी गनींनी बैल कोरण्याची परवानगी मागितली, तेव्हा वडिलांनी लगेच हो म्हटले नाही. ते दीनदार, धर्म काटेकोर पाळणारे गृहस्थ. सजीवाची आकृती घडवावी की नाही, हा त्यांच्या दृष्टीने लहान प्रश्न नव्हता. अखेर म्हणाले, "लेकराच्या हातात जाईल तेच कर. फळीवर मांडून ठेवायले काही करू नको." मुलाने वचन दिले. लाकडाचा तुकडा मात्र अडेल निघाला. नेमकी मानेच्या जागी गाठ होती. तासणीचा वाकस चालेना, पटाशी सटकली, आणि सरळ व्हावयाची ती मान डावीकडे वळून बसली. वडिलांनी बैल हाती घेऊन पाहिला आणि चुलीत घालावयाच्या ढलप्यांच्या ढिगावर टाकला.

त्याच घटकेस नेमसिंग नायक दुकानात उभा होता. हा शेजारच्या तांड्यावरचा बंजारा शेतकरी. बंडीचे चाक न्यावयास आलेला. तो खाली वाकला, ढिगावरून बैल उचलला, उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाला, "याची मान वाकडी नाही, मिस्त्री. हा जोडीदाराकडे पाहून राह्यला." आणि आपल्या सहा वर्षांच्या देवीलालसाठी तो बैल घेऊन गेला.

त्या एका वाक्यावर गनी मिस्त्रींचे कारागिरीचे आयुष्य उभे राहिले. पुढचा प्रत्येक बैल त्यांनी जाणून, समजून जोडीदाराकडे वळवला. परंतु मनाच्या तळाशी एक काटा राहिलाच. नेमसिंग मायाळू होता. बापासमोर मान खाली घालून उभ्या असलेल्या पोराची त्याला कीव आली असेल. कोणाच्या किवेतून निघालेल्या शब्दावर आपण सत्तेचाळीस वर्षे घालवली, असे तर झाले नाही ना? नेमसिंग जिवंत होता तोवर विचारण्याचे धैर्य झाले नाही, आणि पुढे नेमसिंगच राहिला नाही.

अशातच आषाढात नागपूरहून एक पत्र आले.

पत्र एका कलासंग्रहालयाचे होते. तेथल्या संगीताबाई नावाच्या अधिकारी दोन वर्षांपूर्वी पांढरकवड्याला येऊन छपराखाली तासभर बसून गेल्या होत्या. त्यांनी लिहिले होते की पोळ्याच्या निमित्ताने महिनाभराचे प्रदर्शन भरणार आहे, त्यात एक दालन अब्दुल गनी यांच्या नावाचे राहील, आणि उद्घाटनाला त्यांना मानपत्र देण्यात येईल. अट एवढीच की बैल जुने, वेगवेगळ्या वर्षांचे असावेत. दहा असावेत, निदान पाच. आणि पोळ्याच्या आठ दिवस आधी पोहोचावेत. सोबत एक तक्ता जोडलेला होता: क्रमांक, वर्ष, कोणाकडे, सद्यस्थिती.

पत्र मोठ्याने वाचले ते रिजवानने. हा मिस्त्रींचा थोरला मुलगा. प्लायवूडच्या कपाटांचे त्याचे दुकान बसस्थानकाजवळ चांगले चालते. वाचून तो म्हणाला, "अब्बा, दालन म्हणजे पुरी एक खोली. तुमच्या नावाची."

"बैलांयले खोली कायले पाह्यजे?" मिस्त्रींच्या पत्नी सुग्राबी आतून म्हणाल्या. "आपल्याच घरात दोन खोल्या हायेत, पाच माणसांत."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवले, पुन्हा काढले, पुन्हा वाचले. जाणत्या लोकांनी, शिकलेल्या लोकांनी, कसलीही कीव न करता आपले काम निवडले होते. त्यांच्या हातचा कागद मिळाला तर तो काटा निघेल, असे त्यांना वाटले. अडचण एवढीच होती की घरी बैल एकही नव्हता. वडिलांना दिलेले वचन त्यांनी अक्षरशः पाळले होते. जो घडला तो लेकराच्या हाती गेला. सगळ्या मुली सासरी पाठवून बसलेल्या बापासारखी त्यांची स्थिती होती.

"त्यात काय," रिजवान म्हणाला, "हप्त्याभरात दहा नवे करा. जुने दिसतील असा रंग मी मारून देतो."

"मग मानपत्रही तूच छापून दे," मिस्त्री म्हणाले. "तेही जुनं दिसेल असं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जुने बैल मागावयास निघाले. पिशवीत तक्ता होता, आणि हाताच्या सवयीने पटाशी, कानस, सरसाची डबी आणि थोडे खिळेही गेले होते.

पहिले गाव जवळचे, केळापूर. तेथे विमलताई राहतात. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, गावातल्या निम्म्या लोकांना मुळाक्षरे शिकवलेल्या. त्यांनी चहा ठेवला, मग कोठीतून बैल आणून ओट्यावर ठेवला. एकतीस वर्षांचा बैल. मागचा एक पाय डुगडुगत होता. मिस्त्रींनी येण्याचे कारण सांगितले.

विमलताई ऐकून म्हणाल्या, "द्यायले काही नाही जी. पण महिनाभर म्हणजे पोळा त्याच्यातच गेला ना?"

"पोळ्यासाठीच तर भरवून राह्यले ते."

"मंग हे असं झालं मिस्त्री, का लग्नाच्या दिवशी नवरदेवाले पाहुण्यायले दाखवायसाठी दुसऱ्या गावाले नेलं." त्या हसल्या, पण बैल त्यांनी मांडीवर ओढून घेतला होता. "माहा नातू पुण्याहून येऊन राह्यला. परवा फोनवर मले म्हणे, आजी, बैल धुऊन ठेव. मले काय आवडते ते नाही विचारलं त्यानं. बैल धुऊन ठेव म्हणे."

मिस्त्रींना आग्रह करता येईना. त्यांनी सरसाची डबी तापवून घेतली, डुगडुगता पाय बसवला, सुतळीने आवळला. "उद्यापर्यंत उभा करू नका," एवढे सांगून ते उठले. तक्त्यातली पहिली ओळ कोरी राहिली.

मुकुटबनला लखीराम शिंप्याच्या घरी जो बैल निघाला, त्याला कानच नव्हते.

"कान कुठं गेले याचे?" मिस्त्रींनी विचारले.

"एक माह्या पोरानं खाल्ला," लखीराम म्हणाला. "दात येऊन राह्यलते तेव्हा."

"अन् दुसरा?"

"दुसरा समोरच्या शगुफ्ताच्या पोरीनं."

समोरच्या दारात शगुफ्ता धान्य पाखडत बसली होती. तिने सूप न थांबवता सांगितले, "आमच्या पोरीनं चावला. खाल्ला तुमच्या पोरानं. चाचा, इन्साफ तुम्हीच करा."

मग कळले की बैल एकाचा नव्हताच. लखीरामच्या वडिलांनी तो घेतला खरा. पण गल्लीत पाच घरे, बैल एक. म्हणून पाळी लावलेली होती. एका वर्षी एक घर, दुसऱ्या वर्षी दुसरे. ज्याची पाळी, त्याने बैल रंगवावयाचा, ही रीत. मिस्त्रींनी रंगाचा एक टवका नखाने उचलला, तर खाली हिरवा, त्याखाली तांबडा, त्याखाली पिवळा निघाला. झाडाच्या खोडात वर्षांची वलये असतात तशी.

लखीराम उदार मनाने म्हणाला, "न्या जी मिस्त्री. यंदा तशीही आमची पाळी नाही."

"वा," शगुफ्ता म्हणाली, "पाळी आमची अन् दान तुमचं. स्वतःची पाळी असती तं दिला असता का?"

लखीरामने थोडा विचार केला. "नसता दिला," तो म्हणाला, आणि दोघेही हसू लागले. मिस्त्रींनाही हसू आले. त्यांनी पिशवीतून पटाशी काढली, ओट्यावर मांडी घातली, आणि संध्याकाळच्या बसपर्यंत बैलाला दोन नवे कान करून दिले. "आता चावले तरी हरकत नाही," त्यांनी सांगितले, "कान बाभळीचे बसवले."

असे नऊ-दहा दिवस गेले. सगळीकडे प्रेमच मिळाले असे नाही. एका घरचा बैल सरपणात गेला होता. घरधन्याला ते सांगताना संकोच वाटला, मिस्त्रींनी ते शांतपणे ऐकून घेतले. एका ठिकाणी झिजून नुसता ठोकळा उरलेला बैल दाराला टेकण म्हणून लावलेला आढळला. एक लेकीबरोबर आदिलाबादकडे गेला होता. आणि जेथे बैल नीट होता, तेथे तो मोकळा नव्हता. पोळ्याच्या बैलाला पोळ्याच्याच महिन्यात काम असते, हे साधे गणित नागपूरच्या लोकांना सुचले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर मिस्त्रींनाही सुचले नव्हते. एकही बैल न आणता, दहा बैलांची डागडुजी करून ते घरी परतले.

सुग्राबींनी ताटात भाकर वाढताना विचारले, "फुलसावंगीले गेले नाही तुम्ही?"

"नेमसिंग नाही आता."

"बैल तं असंल ना?"

मिस्त्री भाकर मोडीत राहिले. सुग्राबींनी वरण वाढले. मग म्हणाल्या, "रिजवानचे अब्बा, सत्तेचाळीस वर्षं झाली. त्या माणसानं कीव केली का आणखी काही केलं, ते तुम्हाले नागपूरचा कागद सांगणार हाये का? जा. उद्या सकाळच्या गाडीनं जा."

पांढरकवड्याहून यवतमाळ, यवतमाळहून आर्णी, तेथून महागाव, आणि पुढे फुलसावंगी, एस.टी.च्या तीन गाड्या बदलून मिस्त्री पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. वडिलांच्या दुकानाच्या जागी आता मोटारसायकलींचे वर्कशॉप होते. त्यांनी तेथे क्षणभर उभे राहून मनातल्या मनात दुआ केली आणि तांड्याची वाट धरली. दोन्ही अंगांना कपाशी कमरेएवढी आली होती.

देवीलालने त्यांना लांबूनच ओळखले. त्रेपन्न वर्षांचा, उंच, वाळक्या अंगाचा गृहस्थ. सहा वर्षांचा असताना त्याने तो बैल पहिल्यांदा ओढला होता. "राम राम, गनीभाई," म्हणून त्याने पिशवी हातातून घेतली. ओट्यावर त्याची आई धनीबाई बसली होती. डोळ्यांनी तिला आता सावल्याच दिसत.

"कूण छ रे?" तिने आपल्या बोलीत विचारले.

"याडी, गनी मिस्त्री. फुलसावंगीच्या चाकवाल्या मिस्त्रीचा पोरगा."

"सहासष्ट वर्षांचा पोरगा," मिस्त्री म्हणाले, आणि वाकून त्यांनी तिला आदाब केला. "भाभी, बरी हायेस ना?"

पाणी झाले, चहा झाला. मिस्त्रींनी येण्याचे कारण सांगितले, तेव्हा देवीलाल आत गेला आणि बैल घेऊन आला. स्वच्छ पंच्यात गुंडाळून त्याने तो मिस्त्रींच्या हाती दिला.

"ने, गनीभाई."

"पोळ्याले लागंल तुम्हाले."

"लागंल. पण तू मागून राह्यला. तुह्या हातचं तुले नाही म्हणू का?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणी मनापासून हो म्हटले होते. मिस्त्रींनी पंचा उलगडला. आपल्याच एकोणिसाव्या वर्षाकडे पाहावे तसे ते त्या बैलाकडे पाहू लागले. पाठीवर वाकसाचे ओबडधोबड घाव राहिले होते, हे त्यांना पक्के आठवत होते. त्या वेळी घासून काढावयास धीर उरला नव्हता. आता घाव कोठेच नव्हते. वशिंडावरून, पाठीवरून, त्या वळलेल्या मानेवरून इतके हात फिरले होते की लाकूड नदीच्या गोट्यासारखे गुळगुळीत झाले होते. कानसेने जे साधले नाही, ते तीन पिढ्यांच्या तळव्यांनी साधले होते. मानेतली गाठ तेवढी गडद होऊन डोळ्यासारखी चमकत होती.

"भाभी," मिस्त्री म्हणाले, "एक विचारू का? त्या दिवशी नेमसिंगभाईनं हा बैल कायले उचलला होता?"

"कायले म्हणजे?"

"माही कीव आली म्हणून का? बापानं टाकून देलता. मी तिथं उभा होतो."

धनीबाईने आपला चेहरा त्यांच्या दिशेला वळवला. "कीव यायले तू का भीक मागून राह्यलता?" ती म्हणाली. मग तिने हात पुढे केला. मिस्त्रींनी बैल तिच्या हातात दिला. तिची बोटे थेट मानेवर गेली, त्या वळणावर थांबली.

"त्या साली पोळ्याच्या आधी आमचा डाव्या अंगाचा बैल गेला. पान लागलं, सापाचं. उजव्या अंगाचा राह्यला. तो काय करे, ठाणावर उभा राहे अन् अशी मान करे." तिने स्वतःची मान हळूच डावीकडे वळवली. "रिकाम्या जागेकडं पाहे. चारा टाकला तं खाये नाही. देवीलालचा बाप रोज त्याच्यापाशी बसे. एक दिवस चाक आणायले गेला, अन् आला तं हातात हा. ह्या ओट्यावर ठेवला, इथंच, अन् मले म्हणे, पाह्य, त्या पोरानं आपला बैल पाह्यला नाही, तरी केला."

गोठ्यात एका बैलाच्या गळ्यातली घंटी वाजली आणि थांबली.

"त्यानं मले कधी सांगतलं नाही," मिस्त्री म्हणाले.

"तुले काय सांगणार? तुले माहीतच असंल, असं वाटे त्याले. माहीत नसतं तं केला कसा असता?"

जुन्या शास्त्रकारांनी कलेच्या अंगणात दोन आसने मांडली आहेत: एक घडविणाऱ्याचे, दुसरे समान हृदय घेऊन येणाऱ्याचे. त्या दुसऱ्या आसनावर कोणी येऊन बसेपर्यंत पहिल्यावरचा मनुष्य अर्धाच असतो. गनी मिस्त्री जन्मभर समजत होते की आपल्या समोरचे आसन कोणी दयाळूपणे भरले. तेथे एक दुःखी शेतकरी आपला बैल ओळखून बसला होता, पहिल्याच दिवशी, पहिल्याच बैलापाशी. आणि त्याने उच्चारलेले वाक्य म्हणजे त्याने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट होती. मिस्त्रींनी डोळ्यांवरून रुमाल फिरवला. उकाड्याचे दिवस होते, म्हणून कोणाला ते वेगळे वाटले नाही.

रुमाल खिशात ठेवून त्यांनी विचारले, "यंदा कोण ओढणार हाये?"

"बादलची पोरगी," देवीलाल म्हणाला. बादल हा त्याचा मुलगा. नात दोन वर्षांची होती. "होळीले चालायले लागली. ह्या बैलाच्याच पाठीवर हात ठेवून शिकली. आता दोरी हातात धरते, पण बैल मांगं येते का नाही हे पाहायले दर पावलाले थांबते."

"म्हणजे दोघंही मान वळवूनच चालतात," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी बैल उलटा करून पाहिला. पुढच्या चाकांचा आस झिजला होता. चाक एका बाजूला कलत होते. त्यांनी पटाशी काढली, देवीलालकडून धावड्याच्या चिवट लाकडाची एक काठी मागून घेतली आणि नवा आस तासून बसवला. मग बैल पंच्यात गुंडाळला नाही. ओट्यावर, धनीबाईच्या गुडघ्यापाशी, जेथे तो पहिल्यांदा ठेवला गेला होता तेथे, तसाच ठेवला.

"हे काय?" देवीलालने विचारले. "मी देऊन राह्यलो ना. नागपुरात बापाचं नाव होईल माह्या."

"नाव झालं त्याचं," मिस्त्री म्हणाले. "मी जे न्यायले आलतो ते भेटलं मले. हा इथंच राहू दे, देवीलाल. माह्या बापाले मी सांगतलं होतं, फळीवर ठेवणार नाही म्हणून."

रात्रीचा मुक्काम फुलसावंगीला एका दूरच्या नातेवाइकाकडे झाला. सकाळी गाडीची वाट पाहताना त्यांनी पिशवीतून तो कोरा तक्ता काढला, गुडघ्यावर ठेवला, आणि चौथ्या इयत्तेत थांबलेल्या आपल्या अक्षरांनी भरावयास घेतला. सद्यस्थितीचा रकाना अरुंद होता. अक्षरे त्याबाहेर जात होती. केळापूर: पाय बसवला, नातू पुण्याहून येणार. मुकुटबन: कान नवे, यंदा पाळी शगुफ्ताच्या घराची. एक: दाराला टेकण. एक: चुलीत गेला, त्या साली थंडी फार होती. शेवटची ओळ त्यांनी सर्वांत सावकाश लिहिली. फुलसावंगीजवळचा तांडा: आस नवा. ओढणारी दोन वर्षांची. बैल चालू आहे.

खाली त्यांनी लिहिले की यांपैकी एकही बैल आणता येत नाही, याबद्दल माफी असावी.

तक्ता नागपूरला पोहोचला त्याच्या तिसऱ्या दिवशी संगीताबाईंचा फोन आला. रिजवानने फोनचा आवाज मोठा करून अब्बांपुढे धरला.

"मिस्त्री, तुमचं दालन रिकामं राहील हो," त्या म्हणाल्या. "मी दुसऱ्या कोणाला ते देऊ शकते, पण मला तसं करावंसं वाटत नाही."

"द्या जी कोणाले तरी. चांगला कारागीर पाहून द्या. खोली रिकामी ठेवू नये."

"आणि मानपत्र?"

"तेही त्यालेच."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग संगीताबाईंनी विचारले, "हा तक्ता मी तीन वेळा वाचला. तान्हा पोळा नेमका किती वाजता भरतो तुमच्याकडे?"

"चार वाजता. पण तुम्ही आल्या तं चालायची चप्पल घालून या. आमचे बैल एका जागी उभे नाही राहत."

फोन बंद झाल्यावर रिजवान पाठ फिरवून दाराशी उभा राहिला. त्याला वाईट वाटले होते, हे त्याच्या पाठीवरून दिसत होते. अब्बांच्या नावाची खोली त्याने मनात बांधून ठेवली होती. तिचा रंग, तिचे दिवे, सगळे. सुग्राबींनी त्याला चहा दिला आणि त्या म्हणाल्या, "तुह्या बापाले पाह्य जरा. लग्नातसुद्धा इतकं चांगलं तोंड नव्हतं त्यांचं."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गनी मिस्त्री मैदानाच्या कडेला निंबाच्या पारावर बसले. शेजारी पिशवी होती. रिजवान दुकान अर्धे उघडे ठेवून आला, 'पाच मिनिटांसाठी' म्हणून, आणि तासभर उभाच राहिला. तोरणाखालून बैल येऊ लागले. मातीचे, प्लॅस्टिकचे, बाजारातून आणलेले रंगीत. आणि त्यांच्या मधून, कुठे एक, कुठे दोन, मान वळवलेले. रिजवानने लहानपणापासून ते छपराखाली पाहिले होते, फळकुटांमध्ये, भुशामध्ये, अर्धे कोरलेले. चालताना त्याने त्यांना कधी नीट पाहिले नव्हते. आता त्याला दिसले की लेकरू उजव्या हातात दोरी धरून डाव्या अंगाने पुढे चालते, आणि बैल मागून येताना त्या लेकराकडेच पाहत असतो.

"अब्बा," तो म्हणाला, "हा याच्यासाठी असा वळवता तुम्ही?"

"मले कुठं माहीत होतं?" मिस्त्री म्हणाले. "गाठीनं वळवला तो. मी फक्त वळू दिला."

तितक्यात एका पोरीच्या बैलाचे चाक निखळले आणि ती रडत पाराकडे आली. मिस्त्रींनी पिशवी उघडली. काम करता करता त्यांची नजर दोन-तीनदा रस्त्याकडे गेली. नागपूरची गाडी चारला येते. मग पोरगी बैल घेऊन पळाली आणि ते रस्ता विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिजवान दुकानाकडे जाण्याआधी छपराखाली आला. त्याच्या हातात सागवानाचा एक तुकडा होता, हातभर लांब, मधोमध काळी गाठ असलेला. असे तुकडे तो नेहमी वीटभट्टीवाल्याला देऊन टाकीत असे.

"हा फेकायले काढला होता," तो म्हणाला. तो जरा अवघडला होता. तुकडा त्याने अब्बांपुढे पाटावर ठेवला आणि बोट गाठीवर टेकवले. "इथं मान येईल, असं वाटते मले. तुम्ही पाहा."

मिस्त्रींनी चष्मा लावला. तुकडा उजेडाकडे धरून त्यांनी बराच वेळ त्याच्या रेषा पाहिल्या. मग तो मुलाच्या हातात परत दिला, पटाशी उलटी करून तिची मूठ त्याच्यासमोर धरली, आणि बसावयास जागा केली.